चवीचे गाव

इतिहासाचा विषय निघाला की किल्ले, लढाया आणि तह यांची चर्चा व्हावी अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आणि मस्तगडाच्या सावलीत बोलणाऱ्याकडून तर ती अधिकच असते. निजामुल्मुल्क आसफजाहाच्या आज्ञेवरून काबिलखानाने १७२५ मध्ये ही गढी उभारली, एवढे सांगून आम्ही आज गढीची रजा घेणार आहोत आणि श्रोत्यांना बागांकडे व शिवाराकडे नेणार आहोत. आमचा प्रश्न साधा आहे. एखाद्या फळाला किंवा धान्याला गावाचे नाव कसे मिळते, आणि मिळालेले नाव टिकते ते कशाच्या बळावर?

आरंभ दौलताबादेपासून करू. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये आपली राजधानी तेथे आणली, ती कथा सर्वांना ठाऊक आहे. या राजधानीच्या लवाजम्याबरोबरच नान-खलिया हे पक्वान्न औरंगाबादच्या मुलखात आले, असे परंपरा सांगते. पुढे १३४२ मध्ये त्याच सुलतानाचा वकील म्हणून चीनकडे निघालेला इब्न बतूता या वाटेने गेला. दौलताबादेत द्राक्षे आणि डाळिंबे आहेत व ती वर्षातून दोनदा फळतात, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. काहींना ही प्रवाशाची अतिशयोक्ती वाटेल. पण ती तशी नाही. थंड देशांत वेल हिवाळ्यात झोपी जाते. आमच्या उष्ण हवेत तिला झोप अशी लागतच नाही. म्हणून आजही आमचा बागाईतदार एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी अशा दोन छाटण्या करतो आणि पीक मात्र एकच घेतो. निसर्ग दोनदा देऊ पाहतो. शेतकरी एकदाच, पण चांगले मागतो.

त्याच प्रवाशाने मराठ्यांविषयी आणखी एक गोष्ट लिहिली आहे. हे लोक भात, भाजी व तिळाचे तेल खातात आणि मद्यपान हा मोठा दुर्गुण मानतात. तेव्हा द्राक्षाचा मुलूख असूनही आपण मद्याचा मुलूख झालो नाही, यात नवल नाही. फकडी, साहेबी, हबशी या दौलताबादी जातींची द्राक्षे ताटात आली, वैद्याच्या द्राक्षासवात गेली आणि तेथेच थांबली. आज मात्र द्राक्ष म्हटले की नाशिक आणि सांगली यांची नावे ओठांवर येतात; दौलताबादचे नाव कुणी काढीत नाही. सहाशे वर्षांची कीर्ती अशी विरून का गेली? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी थोडे परदेशी जावे लागेल.

फ्रान्स देशात प्रत्येक टेकडीला आपली चव आहे असे म्हणतात. बर्गंडीतील मद्य एका उतारावरचे वेगळे आणि शेजारच्या उतारावरचे वेगळे. रोकफोर गावचे मेंढीच्या दुधाचे चीज तेथल्या कोंबालू डोंगरातील गार, दमट गुहांतच पिकवावे लागते. सप्टेंबर उजाडला की द्राक्षतोडणीला गावोगावचे लोक जमतात. दिवसभर पाठ वाकवून काम करावे, मग एका लांब मेजाभोवती बसून त्याच गावचा पाव, त्याच गावचे चीज आणि त्याच उतारावरचे मद्य घ्यावे, हा तेथल्या खेड्यांतील आनंद. आम्ही मद्याची शिफारस करण्यास उभे नाही. पण आपण खातो ते कोठले, हे पंक्तीतल्या प्रत्येकाला ठाऊक असावे, ही गोष्ट हेवा करण्यासारखी आहे खरी.

परंतु हे सारे मातीने आपोआप दिले, असे समजणे चूक होईल. बर्गंडीच्या उतारांची पारख सीतो मठाच्या साधूंनी शतकानुशतके वेली जोपासून केली. रोकफोरच्या गावकऱ्यांनी १४११ मध्ये राजाकडून चीज पिकविण्याचा एकाधिकार मिळविला. आणि खरी कसोटी तर पुढेच लागली. १८६० नंतर अमेरिकेतून आलेल्या एका सूक्ष्म किडीने वेलींची मुळे खाल्ली आणि बागांमागून बागा वाळल्या. अमेरिकन वेलीच्या खुंटावर फ्रेंच वेलीचे कलम बांधण्याचा उपाय सापडेपर्यंत बाजार साखरपाण्याच्या आणि मनुकांच्या बनावट मद्याने भरून गेला. खऱ्या मालाचा भाव कोसळला. १९०७ मध्ये दक्षिण फ्रान्सचे लाखो द्राक्षबागाईतदार रस्त्यावर उतरले. नारबोन शहरात सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि माणसे मेली. या सर्व दुःखातून १९३५ चा कायदा झाला. एखाद्या गावाचे नाव कोणत्या शिवाराने लावावे, कोणत्या जातीची वेल असावी, एकरी किती पीक घ्यावे, हे त्याने बांधून दिले. म्हणजे ज्याला आपण चवीचे वैभव म्हणतो, ते पुष्कळ अंशी राखणीचे वैभव आहे.

आता जालन्याकडे वळू. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या गॅझेटियरात येथील बागांची फळे हैदराबाद व मुंबईकडे जात असल्याची नोंद आहे. १९०० मध्ये हैदराबाद-मनमाड लोहमार्ग सुरू झाल्यावर ती वाट सोपी झाली. पण बागा रेल्वेवर जगत नाहीत, पाण्यावर जगतात. जमशेदखानाने मोती तलाव बांधला आणि जमिनीखालच्या नळांनी शहरातील हौदांत पाणी खेळविले. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण आपण अभिमानाने सांगतो. त्या पाळण्याची दोरी पाण्याची होती, हे मात्र विसरतो.

आमची मोसंबी पाहा. बागाईतदार झाडाला मुद्दाम ताण देतो. पाणी तोडतो, पाने गळू देतो आणि मग पाणी देताच झाड फुलांनी लगडते. ताणातून गोडी काढण्याची ही विद्या आमच्या शेतकऱ्याइतकी क्वचितच कुणाला अवगत असेल. पण २०१२ मध्ये जो ताण पडला तो शेतकऱ्याच्या हातचा नव्हता. विहिरी आटल्या, टँकरच्या पाण्यावर झाडे किती दिवस जगवायची? पोटच्या पोराप्रमाणे वाढविलेल्या बागांवर मालकांनाच कुऱ्हाड चालवावी लागली. त्या उन्हाळ्यात वाळलेल्या मोसंबीची सरपणासाठी रचलेली रास ज्याने पाहिली, त्याला नारबोनचे दुःख समजावून सांगावे लागणार नाही.

त्याच दुष्काळात जालन्याजवळच्या कडवंची गावच्या द्राक्षबागा मात्र हिरव्या राहिल्या. मराठवाडा शेती साहाय्य मंडळ आणि खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र यांच्या साहाय्याने या गावाने विसाव्या शतकाच्या अखेरीपासून डोंगरउतारावर चर खणले, बांध घातले, पुढे शेततळी केली. दैव येथेही तेच होते. फरक होता तो तयारीचा. आणखी एक मौज सांगतो. क्षारट पाणी व अवर्षण सोसावे म्हणून आज महाराष्ट्रातील द्राक्षे बहुधा डॉगरिज नावाच्या खुंटावर बांधतात. हा खुंटही मूळचा अमेरिकेच्या टेक्सासचा. ज्या खंडाच्या वेलींनी फ्रान्सला तारले, त्याच खंडाची मुळे आमच्या मुरमाड जमिनीत द्राक्ष उभे करतात!

राहिली गोष्ट नावाची. आपल्या देशात भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ मध्ये झाला आणि २००३ पासून अमलात आला. जालन्याच्या मोसंबीला ते मानांकन २०१६ मध्ये मिळाले, दगडी ज्वारीला २०२४ मध्ये. कागद हाती आला; पुढे काय? परगावी एका फळविक्याला आम्ही विचारले, ‘मोसंबी कुठली?’ तो म्हणाला, ‘गोड आहे साहेब, गाव कशाला विचारता?’ फळ त्याचे गोडच होते. पण ज्याने ताण दिला, पाणी राखले, कर्ज काढले, त्याचे गाव त्या टोपलीत कोठेच नव्हते. नाव गेले की भाव ठरविणारा दुसराच होतो, हे दौलताबादच्या द्राक्षांनी आपल्याला शिकविले नाही काय?

म्हणून आमचे मागणे फार मोठे नाही. मार्गशीर्ष-पौषात शेतावर हुरडा होतो. आगटीत कणसे भाजतात, तळहातावर गरम दाणे चोळले जातात, सोबत तिळाची चटणी, गूळ आणि ताक असते. हा आपला द्राक्षतोडणीचा सण. तेथे पाहुण्याला कुणी ‘ज्वारी कुठली’ असे विचारीत नाही, कारण तो त्या ज्वारीच्या बांधावरच बसलेला असतो. शहरात परतल्यावरही हा प्रश्न विचारण्याची सवय आपण ठेवावी. मंडईत मोसंबी घेताना गाव विचारावे, आणि जे गाव पाणी राखते त्याला चार पैसे अधिक द्यावेत. मस्तगडाच्या भिंती दगडाच्या आहेत. त्या उभ्या राहतील. बागेला भिंत असते ती माणसांच्या आठवणीची, आणि तिची डागडुजी दरसाल करावी लागते.