तळें आणि पालापाचोळा

अंबाडी-वज्रेश्वरीच्या मुलुखांतून वाहणाऱ्या तानसा नदीवर, वरच्या अंगास शहापूर तालुक्यांत, १८९२ सालीं धरण पुरें झालें आणि तेथील पाणी मुंबईकरांच्या घरीं आलें. तलावाभोवतीं सागाचें व ऐनाचें रान आहे. उन्हाळ्यांत तें पानें गाळतें, आणि पावसाच्या पहिल्या लोंढ्यांबरोबर पाचोळा पाण्यांत उतरतो. तो कुजतो, एवढें म्हणून आपण विषय संपवितों. परंतु या कुजण्याचा उलगडा होण्यास शास्त्रज्ञांना दोन शतकें लागलीं.

१७७६ सालीं व्होल्टा या इटालियन पंडितानें माज्जोरे सरोवराच्या कांठचा गाळ ढवळून वर येणारे बुडबुडे गोळा केले व त्यांस ज्योत लावली. ते पेटले! तळच्या गाळांत प्राणवायु पोंचत नाहीं. तेथील जंतु मृत पानांतील कर्बापासून हा मिथेन वायु तयार करितात.

तळ्याचा खराखुरा जमाखर्च मांडला तो रेमंड लिंडमन या अमेरिकन तरुणानें. मिनेसोटांतील सीडर बॉग लेक हें दलदलीनें वेढलेलें, उथळ व लहानसें तळें. पत्नी एलेनॉर हिच्या साह्यानें त्यानें पांच वर्षें तेथील शेवाळ, किडे, मासे तपासले, आणि कोण कोणास खातो याच्या आकृतींत मधोमध जागा दिली ती गाळाला. ज्याला लोक घाण म्हणत, तेंच त्या संसाराचें कोठार ठरलें. त्याचा निबंध जाणत्या परीक्षकांनीं आधीं नापसंत केला. येल विद्यापीठांतील हचिन्सन यांनीं त्याची बाजू घेतली. १९४२ च्या ऑक्टोबरांत तो छापून आला, तेव्हां लिंडमन हयात नव्हता. जूनमध्यें, सत्ताविसाव्या वर्षींच, तो आजारानें वारला होता.

त्याचा हिशेब उष्णतेच्या मापांत होता. कर्बाचा जगभरचा ताळेबंद २००७ सालीं कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मांडला. जमिनीवरून नद्या-तळ्यांत दरसाल सुमारें १९० कोटी टन कर्ब येतो. समुद्रास मिळतो तो अवघा ९० कोटी. सुमारें ८० कोटी टन हवेंत उडून जातो, तर २० कोटी टन गाळांत गाडला जातो.

पाण्यांत विरघळून राहणारा अंश मात्र नळापर्यंत येऊं शकतो. रॉटरडॅमच्या रूक या रसायनज्ञानें १९७४ सालीं दाखविलें कीं, त्याच्यावर क्लोरीनची क्रिया होऊन क्लोरोफॉर्म बनतो. तेव्हांपासून क्लोरीन घालण्यापूर्वीं पाण्यांतला हा वनस्पतींचा अर्क होईल तितका काढून टाकण्याकडे पाणीपुरवठ्याचे इंजिनियर अधिक लक्ष देऊं लागले.