खडा नळीत, शिक्षा ग्रंथीला

चिंच नुसती आठवली तरी तोंडाला पाणी सुटतं. काही लोकांच्या बाबतीत मात्र त्याच क्षणी जबड्याखाली टम्म फुगतं, ठणकतं आणि जेवण झाल्यावर हळूहळू उतरतं. लाळेच्या नळीत खडा अडकलेला असतो. मुतखडा सगळ्यांना माहीत आहे. हा त्याचा फारसं नाव न झालेला चुलतभाऊ.

माझ्या मावशीला हे झालं तेव्हा एका डॉक्टरांनी सांगितलं, ‘ग्रंथी काढावी लागेल.’ दुसरे म्हणाले, ‘आधी दुर्बिणीतून बघू.’ एकाच आजाराला इतकी वेगळी उत्तरं कशी, हे शोधत मी साडेतीनशे वर्षं मागे गेलो.

जबड्याखालच्या ग्रंथीतून लाळ जिभेखाली आणणारी नळी १६५६ मध्ये लंडनच्या थॉमस व्हार्टननं आपल्या पुस्तकात मांडली. एप्रिल १६६० मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये नील्स स्टेन्सन हा बावीस वर्षांचा डॅनिश विद्यार्थी मेंढीचं डोकं चिरत होता. एका नळीत त्यानं सळई सरकवली आणि तिचं टोक दातांवर आपटलं. कानापुढच्या ग्रंथीची नळी सापडली होती. शोधाचं श्रेय त्याच्या शिक्षकानंच स्वतःकडे घ्यायला बघितलं आणि मोठं भांडण झालं, पण नळीला आज नाव आहे ते स्टेन्सनचंच.

म्हणजे पाइपचा नकाशा तेव्हापासून हातात होता. खडे जास्त कुठे होतात हेही पुढे कळलं: दर दहांपैकी साधारण आठ खडे जबड्याखालच्या ग्रंथीचे. तिथली लाळ घट्ट, कॅल्शियम जास्त आणि नळीची वाट चढणीची. खडा तोंडाजवळ असेल तर जिभेखाली छोटी चीर देऊन काढता यायचा. खोल असेल तर मात्र ग्रंथीच काढायची. ते ऑपरेशन जोखमीचं. खालचा ओठ हलवणारी नस आणि जिभेच्या संवेदनेची व हालचालीची नस, तिन्ही तिथूनच जातात.

आमच्या धंद्यात सर्व्हर अडखळला की आधी लॉग बघतात. लॉगच नसेल तर आख्खं मॉड्यूल बदलायची पाळी येते. सर्जनांचं नेमकं हेच होत होतं. नळी जेमतेम दीड मिलिमीटर रुंद आणि तिचं तोंड त्याहून बारीक, सुमारे अर्धा मिलिमीटर. त्यात डोकावणार कसं?

या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा पंजाबमधल्या मोगा गावापर्यंत जातो. तिथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी लंडनमध्ये हॅरल्ड हॉपकिन्स यांच्याकडे संशोधन करत होते. काचेच्या केसासारख्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र वाकड्या वाटेनंही पलीकडे नेता येतं, हे दोघांनी १९५४ मध्ये दाखवलं. १९५७ मध्ये अमेरिकेत बेसिल हर्शोविट्झ यांनी अशाच तंतूंची जठराची दुर्बीण आधी स्वतःच गिळून बघितली. पण जठर केवढं आणि लाळेची नळी केवढी! तिथवर पोहोचायला आणखी तीसेक वर्षं लागली.

१९९० च्या सुमारास जर्मनीत आणि पॅरिसमध्ये फिलिप काट्झ यांनी ०.८ मिलिमीटरची दुर्बीण नळीत घातली. इस्राएलमध्ये ओडेड नाहलिएली आणि जिनिव्हात फ्रान्सिस मार्शाल यांनी ही पद्धत, म्हणजे सायलेंडोस्कोपी, पक्की केली. जिभेखालचं छिद्र हळूहळू रुंद करायचं, सलाइनच्या धारेनं नळी फुगवायची, आत बघत पुढे जायचं आणि तारेच्या इवल्या जाळीत खडा पकडून बाहेर ओढायचा. बाहेरून कुठेही कापायचं नाही.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते पुढचंच. मार्शाल आणि सहकाऱ्यांनी खड्यांमुळे काढून टाकलेल्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. जवळपास निम्म्या ग्रंथी ठीक किंवा जवळजवळ ठीक निघाल्या. वारंवार सूज आलेली ग्रंथी निकामीच झालेली असणार, हा समज टिकला नाही. दोष नळीतल्या खड्याचा होता. डॉक्टर निष्काळजी नव्हते. त्यांना आत बघायची सोय नव्हती, एवढंच.

दुर्बीण म्हणजे जादू नाही. साधारण चार मिलिमीटरच्या वरचा खडा जाळीत सहसा येत नाही. तो लेसरनं फोडावा लागतो किंवा दुर्बिणीनं जागा हेरून तोंडातूनच चीर द्यावी लागते. खड्याऐवजी नळीच आकसलेली असेल तर ती रुंद करतात. काही ग्रंथी आजही काढाव्याच लागतात. मावशीचा खडा लहान होता, जाळीत आला.

आपण मराठीत एन्डोस्कोपला सर्रास ‘दुर्बीण’ म्हणतो. खरं तर दुर्बीण लांबचं बघायची. पण जिभेखालच्या पाच सेंटिमीटरच्या नळीचा नकाशा ते तिच्या आतलं दृश्य, हे अंतर कापायला माणसाला तीनशेहून जास्त वर्षं लागली. तेवढं लांबचं बघणाऱ्या यंत्राला दुसरं काय म्हणणार?