करारबदलांवरील संसदीय नियंत्रण (ब्रिटन)

परराष्ट्रांशी करार करणे हा ब्रिटनमध्ये राजसत्तेचा विशेषाधिकार असून प्रत्यक्षात तो मंत्रिमंडळ वापरते. करारामुळे देशातील कायदा बदलायचा असेल, तर संसदेने कायदा करावा लागतो. पण कराराच्या अनुमोदनासाठी संसदेची संमती बंधनकारक नव्हती. 1924 मध्ये परराष्ट्र खात्याचे उपमंत्री आर्थर पॉन्सन्बी यांनी करार अनुमोदनापूर्वी 21 दिवस संसदेपुढे ठेवण्याची प्रथा सुरू केली. पुढच्याच सरकारने ती मोडली. 1929 मध्ये ती पुन्हा रूढ झाली.

युरोपीय समुदायात 1973 मध्ये प्रवेश केल्यावर हा प्रश्न गंभीर झाला, कारण 1972 च्या कायद्यामुळे समुदायाचे नियम ब्रिटनमध्ये थेट लागू होऊ लागले. युरोपीय संसदेचे अधिकार वाढवणाऱ्या कराराला स्वतंत्र कायद्यावाचून अनुमोदन देता येणार नाही, असे 1978 मध्ये ठरले. खरी कसोटी लागली ती समुदायाची जागा घेणाऱ्या युरोपीय संघाच्या लिस्बन कराराने (2007). त्याने सुधारलेल्या युरोपीय संघाच्या मूळ कराराच्या 48 व्या कलमानुसार नवा करार न करताही मूळ करारांत काही बदल करता येतात; एकमताची अट काढून बहुमताचा निर्णय आणता येतो. म्हणजे बैठकीत सरकारने होकार दिला, तर देशाचा नकाराधिकार जाऊ शकत होता. ही वाट अडवणे अत्यावश्यक होते. 2008 च्या कायद्याच्या सहाव्या कलमाने असा होकार देण्यापूर्वी कॉमन्स व लॉर्ड्स या दोन्ही सभागृहांचा ठराव सक्तीचा केला. 2011 च्या कायद्याने त्याहून कडक व्यवस्था आणली: करारबदलासाठी संसदेचा कायदा, आणि ब्रिटनकडून युरोपीय संघाकडे अधिकार जाणार असतील तर सार्वमतही. युरो चलनाच्या देशांसाठी स्थैर्य यंत्रणा उभारण्याकरिता संघाच्या मूळ करारांतील 136 व्या कलमात झालेल्या दुरुस्तीला ब्रिटनने 2012 मध्ये कायदा करूनच मान्यता दिली. ती दुरुस्ती युरो वापरणाऱ्या देशांपुरती असल्याने सार्वमत लागले नाही.

ब्रिटन संघातून बाहेर पडत असताना, 2018 मध्ये, 2011 चा कायदा रद्द झाला. आता सर्वसाधारण आधार उरला आहे तो 2010 च्या घटनात्मक सुधारणा कायद्याचा. त्यानुसार करार कामकाजाचे 21 दिवस संसदेपुढे राहतो. विरोधी ठराव करून कॉमन्स सभा अनुमोदन रोखू शकते, लॉर्ड्स सभेला मात्र तसा अधिकार नाही. चर्चा व मतदान घेण्याचे बंधन सरकारवर नाही, आणि अपवादात्मक परिस्थितीत ही पद्धत टाळण्याची मुभाही मंत्र्यांना आहे. युरोपीय करारांबाबत संसदेने मिळवलेले नियंत्रण इतर करारांपर्यंत पोहोचले नाही, ही या व्यवस्थेतील मोठी उणीव होय.