रंग जुळला, पण रुंदी?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी एका सेमिनारमध्ये मी मोठ्या आनंदात स्लाइड दाखवली होती: क्वांटम डॉटचं शिखर नेमकं रुबिडियमच्या रेषेवर. मागून प्रश्न आला, "आणि रुंदी?" मी गप्प. उत्तर या विषयाच्या इतिहासातच होतं.

सुरुवात अणूपासूनच झाली. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात किंबल, डॅजेने आणि मँडेल यांनी सोडियमच्या अणूंवर लेसर सोडला. एक फोटॉन दिल्यावर अणूला पुन्हा उत्तेजित व्हायला वेळ लागतो, म्हणून दोन फोटॉन एकदम येत नाहीत, हे त्यांना दिसलं. इथे जुळवाजुळवीचा प्रश्नच नव्हता; फोटॉन अणूचाच होता.

२००० च्या सुमारास क्वांटम डॉट आले. लेसरच्या एका स्पंदाला एक फोटॉन, तोही चिपवरून. पण प्रत्येक डॉटचा आकार वेगळा, म्हणून रंगही वेगळा. रुबिडियमची डी-२ रेषा ७८० नॅनोमीटरला आहे आणि तिची नैसर्गिक रुंदी साधारण ६ मेगाहर्ट्झ. तिथे एक नॅनोमीटर चुकलात तर जवळजवळ ४९० गिगाहर्ट्झ चुकलात, म्हणजे रुंदीच्या ऐंशी हजार पट! तापमान, ताण, विद्युत किंवा चुंबकीय क्षेत्र वापरून रंग सरकवता येतो.

रुंदीचं काय? रुबिडियमची उत्तेजित अवस्था २६ नॅनोसेकंद टिकते, गॅलियम आर्सेनाइडच्या डॉटची काहीशे पिकोसेकंद. फोटॉन जितका आखूड तितका त्याचा वर्णपट रुंद. म्हणजे रंग तंतोतंत जुळला तरी बराचसा फोटॉन रेषेच्या बाहेरच राहतो.

यावर दोन वाटा निघाल्या. कोपनहेगनमध्ये पोल्झिक यांच्या गटाने २००७ मध्ये स्फटिक आरशांच्या पोकळीत ठेवून सीझियमच्या ८५२ नॅनोमीटरला अरुंद फोटॉन मिळवले. पण या पद्धतीत फोटॉन कधी येईल हे आपल्या हातात नसतं. २०११ मध्ये अकोपियन, झ्विलर आणि सहकाऱ्यांनी वेगळीच युक्ती केली. त्यांनी चुंबकीय क्षेत्राने डॉटचा फोटॉन रुबिडियम-८७ च्या रेषेवर न आणता, ६.८ गिगाहर्ट्झ अंतरावरच्या दोन रेषांच्या मधल्या फटीत आणला. तिथे शोषण कमी, पण प्रकाशाचा वेग बराच मंदावतो. रुंद फोटॉनही त्या फटीत मावला आणि वाफेतून उशिराने बाहेर पडला. मात्र हा विलंब होता, साठवण नव्हे.

म्हणून पेपरमध्ये "अणूशी जुळणारा स्रोत" असं वाचलंत की तीन गोष्टी शोधा: मध्य कुठे आहे, रुंदी किती आहे आणि फोटॉन मागितल्यावर येतो का. तिन्ही उत्तरं एकाच पेपरात क्वचित सापडतात. जे उत्तर सापडत नाही, तिथे बहुधा तुमच्या कामाला जागा असते.