स्मृतीची परीक्षा कोणत्या भाषेत?

'साठी बुद्धी नाठी' या म्हणीने आपल्या समाजाचे मोठे नुकसान केले आहे. विस्मरण हा वार्धक्याचा धर्मच, असे मानल्यामुळे त्यामागील रोगाची चौकशी आपल्याकडे फार उशिरा झाली. ती जर्मनीत आधी झाली. १९०१ साली फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात आउगुस्ट डेटर ही एक्कावन्न वर्षांची स्त्री दाखल झाली. डॉ. आलोइस अल्झायमर तिला प्रश्न विचारीत आणि उत्तरे टिपून ठेवीत. स्वतःचे नाव लिहितानाही ती अडखळे. तिच्या मृत्यूनंतर मेंदूची तपासणी करून त्यांनी ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगेनच्या सभेत या व्याधीचे वर्णन केले.

नाव लिहून दाखविण्याची कसोटी लिहिता येणाऱ्यापुरतीच खरी. १९७५ साली अमेरिकेत फोल्स्टीन पतिपत्नी आणि मॅकह्यू यांनी तयार केलेली तीस गुणांची प्रश्नावली जगभर रूढ झाली. तिच्यातही वाक्य लिहिणे, शंभरातून सात-सात वजा करणे होतेच. जन्मात पाटी न धरलेली आजी तिथे रोगावाचूनच नापास ठरावयाची!

हा पेच हरियाणातील बल्लभगडच्या संशोधनाने सोडविला. १९९५ साली मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी हिंदी प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात विसातून तीन-तीन वजा करावयाचे, वाक्य लिहिण्याऐवजी घराविषयी काही सांगावयाचे. १९९८ साली डॉ. विजय चंद्र आदींनी तेथील ५,१२६ जणांच्या पाहणीचा निष्कर्ष मांडला : पासष्टीपुढील लोकांत अल्झायमरचे प्रमाण अवघे १.०७ टक्के. पुढे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने साठीपुढील सर्व प्रकारच्या स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के मांडले. दोन्ही आकड्यांची थेट तुलना करता येत नाही, पण हा आजार 'तिकडचा' आहे ही समजूत आता टिकत नाही.

आम्हां बैहरकरांना मात्र या कथेतील भाषेचा धागा अधिक जवळचा वाटतो. नागपूर राजधानी होती तेव्हाही बालाघाट हिंदी जिल्ह्यांतच मोजला जाई. १९५६ नंतर नागपूरही परराज्यात गेले. घरात मराठी, कचेरीत हिंदी, बाजारात कानी पडणारी पोवारी आणि गोंडी, असा आमच्या पिढ्यांचा संसार. हैदराबादच्या निझाम संस्थेत डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. २०१३ साली त्यांनी दाखविले की, एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसली. निरक्षरांतही हा फरक आढळला. यावरून भाषेला लस समजू नये. हे रुग्णालयात पोहोचलेले लोक होते, साऱ्या समाजाचा तो नमुना नव्हे.

उलट रोग बळावला की नंतर शिकलेली भाषा पुष्कळदा आधी मागे पडते. डॉक्टर हिंदीत वार विचारतात, आजी मराठी शब्द शोधत गप्प बसते आणि एक गुण जातो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने स्मृतीच्या कसोट्यांचा संच प्रथम पाच भारतीय भाषांत सिद्ध केला : हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड, मल्याळम. त्यांत मराठी नव्हती.

निदान वेळेवर होण्याला आता पूर्वीहून अधिक अर्थ आहे. अमेरिकेत २०२३ साली पूर्ण मान्यता मिळालेल्या लेकॅनेमॅबने अठरा महिन्यांत ऱ्हासाचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी मंदावला, तोही केवळ आरंभीच्या अवस्थेत. मेंदूला सूज येण्याचा वा रक्तस्रावाचा धोका त्यात आहेच. म्हणून तपासणीस जाताना घरचे मराठी जाणणारे माणूस सोबत असावे, आणि आजी हिशेब कोणत्या भाषेत करते हे त्याने डॉक्टरांस आधीच सांगावे.