शोर अल्गोरिदम
मोठ्या पूर्णांकाचे मूळ अवयव झपाट्याने पाडणारी क्वांटम संगणकाची रीत. अमेरिकन गणितज्ञ पीटर शोर यांनी बेल प्रयोगशाळेत असताना १९९४ मध्ये ती मांडली. आरएसए कूटपद्धतीची सुरक्षितता अवयव पाडण्याच्या अवघडपणावर उभी आहे. शोर यांनी अवयव पाडण्याचा हा प्रश्न एका फलनाचा आवर्तनकाल शोधण्याच्या प्रश्नात बदलला, आणि क्वांटम संगणकाला नेमके तेच सोपे जाते. २००१ मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी सात क्यूबिटांवर (क्वांटम संगणकाच्या मूलभूत एककांवर) १५ चे अवयव पाडले. आरएसए फोडण्याजोगे यंत्र अद्याप बनलेले नाही, पण आज चोरून साठवलेला गुप्त मजकूर पुढे उलगडता येईल. म्हणून अमेरिकेच्या ‘निस्ट’ संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटमरोधक कूटलेखनाची तीन मानके जाहीर केली.