अधिकारी, हेमू

अधिकारी, लेफ्टनंट कर्नल हेमचंद्र रामचंद्र : (३१ जुलै १९१९ – २५ ऑक्टोबर २००३). भारतीय कसोटीपटू, कसोटी कर्णधार, लष्करी अधिकारी व प्रशिक्षक. ‘हेमू’ या नावानेच परिचित. जन्म पुण्याचा. उजव्या हाताने फलंदाजी, अधूनमधून लेगब्रेक आणि कव्हरमधले चपळ क्षेत्ररक्षण ही त्यांच्या खेळाची अंगे. रणजी करंडक स्पर्धेत ते प्रथम गुजरातकडून, मग बडोद्याकडून खेळले. लष्करात गेल्यावर सेनादलाकडून. १९५० च्या दशकात सेनादलाच्या संघाने रणजी करंडकाच्या अंतिम फेरीपर्यंत मजल मारली, त्या काळात संघाचा आधार तेच होते.

दुसऱ्या महायुद्धामुळे उमेदीची वर्षे हुकली आणि पहिली कसोटी वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, नोव्हेंबर १९४७ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनला खेळायला मिळाली. त्याच दौऱ्यात अ‍ॅडलेडच्या दुसऱ्या डावात ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज लिंडवॉल याच्यासमोर एकामागून एक गडी बाद होत असताना त्यांनी ५१ धावा करून विजय हजाऱ्यांना साथ दिली. लष्करी कर्तव्यामुळे पुढेही त्यांचे कसोटी खेळणे सलग झाले नाही. बारा वर्षांत २१ कसोट्या, ८७२ धावा, सरासरी ३१.१४ एवढाच हिशेब लागतो. पण या आकड्यांवरून त्यांचे मोल करणे अन्यायाचे ठरेल, कारण त्यांच्या बऱ्याच धावा डाव कोसळत असताना झाल्या आहेत.

त्यांची नाव राहील अशी कामगिरी तिन्ही वेळा दिल्लीच्या फिरोजशाह कोटलावर घडली. नोव्हेंबर १९४८ मध्ये वेस्ट इंडीजने ६३१ धावांचा डोंगर रचला. अधिकारींनी नाबाद ११४ धावा काढल्या. हे त्यांचे एकमेव कसोटी शतक. भारतावर फॉलोऑन आला, तेव्हा दुसऱ्या डावातही ते नाबाद राहिले आणि सामना वाचला. ऑक्टोबर १९५२ मध्ये पाकिस्तानच्या पहिल्यावहिल्या कसोटीत भारताचे नऊ गडी २६३ धावांत परतले होते. अकराव्या क्रमांकाच्या गुलाम अहमदला सांभाळत अधिकारींनी अखेरच्या गड्यासाठी १०९ धावा जोडल्या. गुलाम ५० वर बाद झाला, अधिकारी नाबाद ८१. भारत एक डाव व ७० धावांनी जिंकला. विनू मंकडच्या १३ बळींपुढे ही भागी झाकोळली गेली खरी, पण दहाव्या गड्यासाठीचा हा भारतीय विक्रम मोडायला २००४ साल उजाडावे लागले.

तिसरा प्रसंग निवड समितीच्या गोंधळातून आला. १९५८-५९ च्या वेस्ट इंडीजविरुद्धच्या मालिकेत भारताचे कर्णधारपद पॉली उम्रीगर, गुलाम अहमद, विनू मंकड असे हातोहात फिरले. चौथ्या, मद्रास कसोटीसाठी परत मिळालेले पद उम्रीगरने संघनिवडीवरून सामन्याच्या तोंडावर सोडले होते. पाचव्या कसोटीसाठी चौथा कर्णधार हवा होता, म्हणून एकोणचाळिशीतल्या अधिकारींना बोलावणे गेले. वेस्ट इंडीजच्या हॉल आणि गिलख्रिस्ट या वेगवान गोलंदाजांचा मारा तेव्हा ऐन भरात होता. मालिका हातची गेलेली. त्यांनी ६३ व ४० धावा केल्या, शिवाय तीन गडी टिपले. कसोटीतले त्यांचे सगळे बळी एवढेच! पुण्याच्याच चंदू बोर्डेने या सामन्यात १०९ व ९६ धावा काढल्या आणि कसोटी अनिर्णित राहिली. कर्णधार म्हणून ही त्यांची एकुलती एक कसोटी. खेळाडू म्हणून शेवटचीही.

निवृत्तीनंतरची कामगिरी याहून मोठी म्हणावी लागेल. १९७१ च्या इंग्लंड दौऱ्यावर अजित वाडेकर कर्णधार आणि अधिकारी व्यवस्थापक होते. व्यवस्थापक म्हणजे हिशेब आणि पाहुणचार, एवढ्यावर न थांबता त्यांनी तंदुरुस्ती आणि क्षेत्ररक्षणावर लष्करी शिस्तीने भर दिला. ओव्हलला चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेतले, एकनाथ सोलकरने फलंदाजाच्या पुढ्यात झेप घेऊन झेल टिपला आणि भारताने इंग्लंडमधली पहिली कसोटी व पहिली मालिका जिंकली. १९७४ मध्ये वाडेकर-अधिकारी हीच जोडी पुन्हा गेली, तेव्हा मात्र तिन्ही कसोट्या हरल्या; लॉर्ड्सवर तर भारताचा डाव ४२ धावांत आटोपला. पुढे त्यांनी राष्ट्रीय पातळीवर तरुण खेळाडूंना प्रशिक्षण दिले. मुंबई येथे त्यांचे निधन झाले.